स्लोव्हाकियातून आलेली चौकशी: देश लहान म्हणून सोडू नका, पण कर्ज काढण्याआधी एवढं तपासा

भोसरीत मशीनिंगचं युनिट चालवणाऱ्या एका उद्योजकाचा हा प्रश्न आहे. स्लोव्हाकियातल्या नित्रा शहराजवळच्या एका कंपनीकडून त्यांना चौकशी आली आहे. मोठ्या गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये लागणारे स्टीलचे दोन पार्ट हवे आहेत. फोर्जिंग, म्हणजे तापवलेलं पोलाद ठोकून-दाबून आकार दिलेला कच्चा पार्ट, बाहेरून घ्यायचं, मशीनिंग आणि तपासणी करून माल पाठवायचा. काम मिळालं तर दोन नवी मशीनं लागतील, म्हणजे कर्ज आलं. ते विचारतात, "पुणे जिल्ह्याहून कमी वस्तीचा देश, तोही पूर्वीचा कम्युनिस्ट. तिथली अर्थव्यवस्था कितपत भरवशाची? पैसे अडकले तर कुठे जायचं? त्यापेक्षा थेट जर्मनीत गिऱ्हाईक शोधलेलं बरं का? आणि ते सुचवतात तसं तिथे गोदाम घ्यावं का?"

मी बरीच वर्षं फोर्जिंग आणि मशीनिंगचा माल मध्य युरोपात पाठवण्याचं काम केलं, आता अशाच युनिटांना सल्ला देतो. तुम्ही नफ्याचा आकडा विचारण्याआधी भरवशाचा विचार केलात, हे फार चांगलं झालं. फक्त प्रश्न थोडा वेगळा मांडायला हवा. तुम्ही स्लोव्हाकियाला माल विकणार नाही आहात. स्लोव्हाकियात बनणाऱ्या आणि बहुतेक दुसऱ्याच देशांत विकल्या जाणाऱ्या गाडीत तुमचा पार्ट बसणार आहे. देशाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख. तिथे वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या बनतात, आणि देशात वर्षभरात नव्या गाड्यांची नोंदणी होते ती नव्वद हजारांच्या आसपास. या दोन आकड्यांतच त्या अर्थव्यवस्थेचा स्वभाव दिसतो. माणशी गाड्या बनवण्यात हा देश जगात पहिला आहे आणि त्याची निर्यात जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे देश चालेल का यापेक्षा ही गाडी किती वर्षं चालेल, आणि ती कोणत्या देशात विकली जाते, याची चौकशी तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

तरीही देशाचा इतिहास थोडा सांगतो, कारण ही रचना कशी झाली हे कळलं की बाकीची उत्तरं सोपी होतात. १९४८ नंतर चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारनं शेतीप्रधान स्लोव्हाकियात अवजड उद्योग आणले. कोशित्सेला प्रचंड पोलाद कारखाना, मार्टिनला रणगाडे, वाह नदीच्या खोऱ्यात शस्त्रास्त्रांचे कारखाने. कच्चा माल सोव्हिएत संघातून यायचा आणि तयार माल पूर्वेकडच्या देशांना जायचा. १९८९ मध्ये राजवट गेली, १९९१ मध्ये त्या देशांची व्यापारी संघटना कॉमेकॉनही विसर्जित झाली, आणि हजारो कुशल टर्नर, फिटर, वेल्डर असलेल्या गावांकडे एकाएकी गिऱ्हाईकच उरलं नाही. १ जानेवारी १९९३ ला चेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले, तेव्हा यातला अवघड वाटा स्लोव्हाकांकडे आला.

पुढची पाच वर्षं व्लादिमिर मेचियार यांच्या काळात कारखाने मुख्यतः सत्तेजवळच्या देशी लोकांना स्वस्तात दिले गेले. बाहेरचं भांडवल शेजारच्या हंगेरीत आणि चेक प्रजासत्ताकात जात राहिलं. १९९८ मध्ये मिकुलाश झुरिंदा यांचं सरकार आलं आणि दिशा बदलली. बुडीत कर्जांनी वाकलेल्या सरकारी बँका आधी साफ केल्या, मग परदेशी बँकांना विकल्या. कोशित्सेचा पोलाद कारखाना २००० साली अमेरिकेच्या यू. एस. स्टीलनं घेतला. २००४ मध्ये व्यक्तींचा प्राप्तिकर, कंपनी कर आणि व्हॅट या तिन्हींसाठी १९ टक्के असा एकच दर लागू झाला आणि त्याच वर्षी १ मेला देश युरोपीय संघात गेला. फोक्सवॅगन १९९१ पासूनच ब्रातिस्लावात होती. मग प्यूजो-सिट्रोएन त्रनावाला आणि किया झिलिनाला आली, दोघींच्या गाड्या २००६ पासून बाहेर पडू लागल्या. २०१८ मध्ये नित्राला जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना सुरू झाला. ही कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सची आहे, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नकोच. आता कोशित्सेजवळ वालालिकी इथे व्होल्व्होचा विजेच्या गाड्यांचा कारखाना उभा राहतो आहे.

त्या सुधारणांची किंमत तिथल्या साध्या लोकांनी मोजली, हेही लक्षात असू द्या. २००१ च्या सुमारास बेकारी १९ टक्क्यांच्या आसपास होती. कारखाने आले ते बहुतेक पश्चिमेला, ब्रातिस्लावा, त्रनावा, नित्रा, झिलिना या पट्ट्यात. पूर्वेची आणि दक्षिणेची गावं मागे राहिली आणि तिथली तरुण मंडळी अजूनही बाहेर पडतात. नित्राच्या आसपास आज उलट अडचण आहे, हाताला माणूस मिळत नाही. तिथली कंपनी मशीनिंगचं काम भोसरीला का पाठवते, यामागे हे एक खरं कारण आहे. त्यामुळे "आमच्याकडे स्वस्त म्हणून ते आले" एवढंच धरून भाव पाडू नका. त्यांना दर हवाच आहे, पण त्याहून जास्त हवी आहे ती खात्रीची क्षमता.

आता या रचनेतला धोका. मोठे कारखाने परदेशी मालकीचे, त्यांचे मोठे पुरवठादारही बहुतांशी जर्मन, फ्रेंच, कोरियन गटांचे. कोणतं मॉडेल कुठे बनवायचं, कोणता पार्ट कुठून घ्यायचा, हे फोक्सवॅगनच्या मुख्यालयात वोल्फ्सबुर्गला किंवा कियाच्या सोलला ठरतं. कोशित्सेच्या पोलाद कारखान्याचे निर्णय आधी मॉस्कोच्या वाऱ्यावर चालत, मग पिट्सबर्गला होऊ लागले, आणि २०२५ मध्ये यू. एस. स्टील जपानच्या निप्पॉन स्टीलनं घेतल्यावर तो तिकडे गेला.

तुमच्या चौकशीला लागू पडणारं ताजं उदाहरण २०२५ चं आहे. अमेरिकेनं एप्रिलमध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. पुढे ब्रिटनशी करार झाला आणि ठरलेल्या संख्येपर्यंत ब्रिटिश गाड्यांना १० टक्के दर मिळाला. युरोपीय संघाशी झालेल्या करारात तो १५ टक्के ठरला. रेंज रोव्हर ब्रिटनमध्ये बनते, डिफेंडर नित्राला. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, पण अमेरिकेच्या बंदरावर दर वेगळे. यात स्लोव्हाकियाचं सरकार, तिथले कामगार किंवा तुमचा होणारा ग्राहक यांपैकी कुणाचाही हात नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन अनेक आठवडे थांबलं, नित्राचंही. मोठ्या पुरवठादारांनी तो काळ निभावला. छोट्यांकडे तयार माल पडून होता, शेड्यूल शून्य झालं होतं आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला होताच. तुमच्या कर्जाचा विचार करताना डोळ्यांसमोर हा प्रसंग ठेवा.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. त्या कंपनीला सरळ विचारा की हा पार्ट कोणत्या गाडीला लागतो, ते मॉडेल आणखी किती वर्षं चालणार आहे, आणि पुढच्या आवृत्तीतही हाच पार्ट आहे का. नित्राजवळ म्हटल्यावर आपण लँड रोव्हर गृहीत धरतो, पण तिथून ब्रातिस्लावा नव्वदेक किलोमीटरवर आणि त्रनावा त्याहून जवळ. एकाच पुरवठादाराचा माल तीन कारखान्यांना जाणं तिथे नेहमीचं आहे. तीन कारखान्यांना जात असेल तर तुमच्यासाठी फार उत्तम. मॉडेल इंजिनाचं आहे की विजेचं, हा प्रश्न तुमच्या बाबतीत थोडा कमी महत्त्वाचा, कारण सस्पेन्शन दोन्हीला लागतं. इंजिनचा पार्ट असता तर मी हात आखडता घ्यायला सांगितलं असतं.

कर्ज काढावं का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे आणि तुमचे ताळेबंद पाहिल्याशिवाय कुणीही ते छातीठोक देऊ नये. मी स्वतः दोन कसोट्या लावतो. ग्राहक वर्षाला जेवढे नग सांगतो त्याच्या साठ टक्केच धरून हप्ता निघतो का, ही एक. युरोपातल्या चौकशीत सांगितलेली संख्या ही क्षमता राखून ठेवण्यासाठी असते, उचलीची हमी नसते. करारात ती "अंदाजे वार्षिक गरज" म्हणूनच लिहिलेली सापडेल. दुसरी कसोटी मशीनची. हे काम गेलं तर तेच मशीन चाकणच्या कामाला लावता येतं का? संगणकावर चालणारं साधं सीएनसी किंवा व्हीएमसी मशीन असेल तर हो. फक्त याच पार्टसाठी खास मशीन लागणार असेल, तर त्याच्या पैशाचा काही भाग ग्राहकानं आगाऊ द्यावा किंवा नगामागे वेगळी रक्कम ठरवून फेडावा, आणि ठरलेली संख्या भरली नाही तर उरलेली रक्कम त्यानं चुकती करावी, असं कलम मागा. पार्ट पकडायचं फिक्स्चर आणि मापायचं गेज यांसाठी असे करार सर्रास होतात. मागितलं नाही तर मात्र कुणी आपण होऊन देत नाही.

पैसे बुडण्याची भीती, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे स्लोव्हाकिया आपल्या बाजूचा आहे. १ जानेवारी २००९ पासून तिथे युरो आहे. पोलंड, चेक, हंगेरी यांची अजून स्वतःची चलनं आहेत. म्हणजे तुम्हाला फक्त रुपया आणि युरोचा हिशोब सांभाळायचा. बँका बहुतेक ऑस्ट्रियन आणि इटालियन गटांच्या, पैसे यायला अडचण नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिथली माहिती उघडी असते. कंपन्यांची नोंदणी, मालक, संचालक हे सगळं सरकारी व्यापार नोंदवहीत घरबसल्या फुकट पाहता येतं. वार्षिक ताळेबंद वेगळ्या सरकारी नोंदणीत टाकलेले असतात. सामाजिक विम्याची रक्कम थकवणाऱ्यांची यादीही विमा संस्था स्वतः जाहीर करते. मी नव्या ग्राहकाचे तीन वर्षांचे ताळेबंद उतरवून घेतो आणि पहिल्यांदा ही थकबाकीची यादी पाहतो. कामगारांचा विमा भरायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो भोसरीच्या माणसाला वेळेवर देणार नाही. सगळं स्लोव्हाक भाषेत असतं, पण आता भाषांतराची साधनं हाताशी आहेत आणि आकडे तर आकडेच असतात.

यात एक बारीक गोष्ट पाहा. कंपनीच्या नावापुढे एस.आर.ओ. असेल तर ती आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी मर्यादित जबाबदारीची कंपनी, आणि तिला किमान भागभांडवल फक्त ५,००० युरो लागतं. मागे मोठा जर्मन किंवा कोरियन गट असला तरी तो गट आपोआप जबाबदार होत नाही. माझ्या ओळखीच्या एका युनिटला हे महागात पडलं. ग्राहक एका नामांकित गटाची उपकंपनी होता, गटानं तिथलं काम आवरलं आणि उधारीसाठी मूळ कंपनीकडे गेल्यावर कागद कुठलाच नव्हता. मोठी उधारी द्यायची असेल तर मूळ कंपनीची लेखी हमी मागा. ती नाही मिळाली, तर ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचा, विमा त्या खरेदीदाराच्या नावावर किती मर्यादेचा मिळतो ते बघा आणि उधारी त्या मर्यादेतच ठेवा. ईसीजीसीनं मर्यादा कमी दिली तर तोही इशाराच समजा.

सरकारची तिजोरी सध्या ताणलेली आहे. २०२४ मध्ये वित्तीय तूट जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या वर होती. म्हणून जानेवारी २०२५ पासून व्हॅट २० वरून २३ टक्के झाला, पन्नास लाख युरोंपेक्षा जास्त करपात्र उत्पन्न असलेल्या कंपन्यांना २४ टक्के कर लागला आणि एप्रिल २०२५ पासून कंपन्यांच्या बँक व्यवहारांवर ०.४ टक्के कर आला, एका व्यवहाराला जास्तीत जास्त ४० युरो. तुमच्यावर याचा परिणाम अप्रत्यक्ष आहे. १०,००० युरोंच्या वर कर वाढत नाही, म्हणून ग्राहक चार बिलं साठवून एकदम पैसे पाठवायचं सुचवील. मान्य करा, पण मुदत पहिल्या बिलाच्या तारखेपासून धरा. शेवटच्या बिलापासून धरली तर साठ दिवसांची उधारी नव्वदवर जाते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर देशाबद्दलची धास्ती सोडा, युरो आणि युरोपीय संघाचे नियम तुमच्या पाठीशी आहेत. मॉडेल आणि खरेदीदार या दोन गोष्टी मात्र स्वतः खोदून तपासा. थेट जर्मनीचं म्हणाल तर तिथेही अखेर हीच साखळी भेटेल. जर्मनी हाच स्लोव्हाकियाचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे आणि जर्मनीत गाड्यांचा खप मंदावला की नित्रा, झिलिनाच्या पाळ्या कमी होतात. फरक एवढाच की जर्मनीतल्या खरेदी विभागापर्यंत नव्या युनिटला पोचायला खूप वेळ लागतो. इथे तुम्हाला दार उघडं मिळतं आहे. इथलं काम नीट केलंत, तर त्याच गटाच्या जर्मनीतल्या कारखान्याचा पुरवठादार कोड मिळणं पुढे सोपं जातं.

माल पाठवण्याचं बघू. स्लोव्हाकियाला समुद्र नाही. न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला जाण्यापेक्षा एड्रियाटिकवरचं कोपर बंदर जवळ पडतं. कोपर स्लोव्हेनियात आहे, नावं सारखी म्हणून कागदांवर घोटाळा होतो, तेव्हा देशाचं नाव दोनदा तपासा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. दर ठरवताना लांबचाच मार्ग धरा. डीडीपीच्या, म्हणजे सगळे कर भरून माल ग्राहकाच्या दारात देण्याच्या अटीवर सुरुवात करू नका, कारण त्यात आयातदार तुम्ही होता आणि तिथला व्हॅट, सीमाशुल्क, नोंदणी सगळं तुमच्या गळ्यात पडतं. एफओबी, म्हणजे आपल्या बंदरात जहाजावर माल चढवला की जबाबदारी संपते ती अट, सर्वांत सोपी. फार आग्रह असेल तर डीएपीपर्यंत जा, त्यात माल ग्राहकाच्या दारापर्यंत तुम्ही नेता पण आयातीचे कर तो भरतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे आणि नाताळात तिथले कारखाने बंद असतात, तेव्हा कंटेनर नेमका त्या दिवसांत पोचणार नाही असं बघा.

कार्बनचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण स्टील म्हटल्यावर सीबॅम, म्हणजे युरोपीय संघाचा आयात मालावरचा कार्बन आकार, आलंच. जानेवारी २०२६ पासून लोखंड, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या ठरावीक मालावर युरोपातल्या आयातदाराला कार्बनचा खर्च भरावा लागतो. गाडीचे पार्ट म्हणून सीमाशुल्काच्या ८७०८ या कोडखाली जाणारा माल पहिल्या यादीत नव्हता, पण पोलादाचा सर्वसाधारण माल म्हणून ७३२६ खाली गेला, किंवा बोल्ट-नट म्हणून ७३१८ खाली, तर तो यादीत येतो. म्हणजे तुमच्या पार्टचा हा सीमाशुल्क वर्गीकरणाचा एचएस कोड काय, यावर खर्च ठरतो. हा कोड ग्राहकाच्या सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्या. ८७०८ वर नेहमीचं शुल्क तीन ते साडेचार टक्क्यांच्या दरम्यान असतं. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार करारामुळे हे दर बदलू शकतात, म्हणून माल निघेल त्या दिवशीचा दर पाहा. यादी वाढण्याची शक्यता धरून फोर्जिंगवाल्याकडून आत्तापासून वीज आणि इंधनाच्या वापराची नोंद मागायला लागा. ही माहिती जो देऊ शकतो, त्याला पुढच्या चौकशीत पहिली पसंती मिळते, हे मी आता वारंवार पाहतो आहे.

राहिला गोदामाचा प्रश्न. ग्राहक ते का सुचवतो हे आता लक्षात आलं असेल. जहाज उशिरा आलं आणि लाईन थांबली तर त्याला मोठा दंड भरावा लागतो, आणि तो पुढे तुमच्यावर येतो. त्यामुळे तिथे पाच-सहा आठवड्यांचा साठा असणं आवश्यकच आहे. पण स्वतःचं गोदाम घेऊ नका. नित्रा आणि त्रनावाच्या आसपास साठा सांभाळून रोजच्या मागणीप्रमाणे पोचवणाऱ्या सेवा कंपन्या आहेत, त्या पॅलेटमागे भाडं घेतात. तसं करायचं झालं तर आयातदार कोण आणि तिथली व्हॅट नोंदणी कुणाची, हे आधी तिथल्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे साठा ग्राहकाच्याच आवारात, त्याच्याच नावावर आयात करून ठेवणं. करारात मात्र लिहून घ्या की माल उचलला किंवा साठ दिवस झाले, यातलं जे आधी घडेल तेव्हा बिल लागू होईल. पहिल्या सहा महिन्यांत सँपल मंजूर होऊन दोन-तीन कंटेनर सुरळीत जाऊ देत, तोवर एकच मशीन घ्या आणि दुसऱ्याचं काम इथल्याच एखाद्या शेजारच्या युनिटकडून करून घ्या. मात्र बाहेर होणाऱ्या कामाची माहिती ग्राहकाला आधीच द्या आणि सँपल मंजुरीच्या कागदांत त्या युनिटचं नाव येऊ द्या. तिथले गुणवत्ता विभाग यावर बोट ठेवतात, आणि नंतर कळलं तर मंजुरी पहिल्यापासून करावी लागते.